बिनपगारी

कुंभारी गावच्या पायविहिरीचं तोंड भिंत घालून बंद केलं होतं. पलीकडं इंजिन धडधडत होतं. लोखंडी नळ शेताच्या बांधावरून थेट सोलापूरकडं गेला होता. बाटल्यांची पेटी हातात घेऊन एकनाथ तसाच उभा राहिला.

"आता काय न्यायला आलास?" गावातल्या कोंडीबानं विचारलं. एरवी तो आधी गुळाचा खडा हातावर ठेवायचा. आज ठेवला नाही.

"मामा, हे कुणी केलं?"

"तूच की."

इंजिनावरच्या माणसानं बाकीचं सांगितलं. वेणीमाधव डॉक्टरांचा अहवाल वर सरकारकडं गेला होता. विहिरीत नारू आहे, पाणी पिऊ नये. सरकारनं विहीर बंद केली आणि सोलापूरच्या कापडगिरणीनं ती रंगखात्यासाठी घेतली. "रंगाला नारू चालतो," म्हणून तो हसला. "खर्च तरी वाया गेला नाही. सगळी तपासणी आमच्या गिरणीच्याच पैशानं झाली."

ही तपासणी सुरू झाली तेव्हा एकनाथ नुकताच इंटर सायन्स पास झाला होता. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात शिरायचं तर काही संशोधन गाठीला हवं होतं. त्याच्यापुढं दोन कामं होती. एक गिरणीच्या दवाखान्यातलं, कामगारांची थुंकी तपासायचं, दरमहा पगाराचं. दुसरं वेणीमाधव डॉक्टरांकडचं, नारूचं, फुकटचं. घरात बहिणीचं लग्न ठरत होतं. वडील म्हणाले, "पगाराचं घे." डॉक्टर म्हणाले, "पगारी माणूस मालकाला हवं तेच शोधतो. तुला डॉक्टर व्हायचंय की कारकून?"

एकनाथनं गिरणीला नकार कळवला. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पहिल्या दिवशी गावानं त्याला विहिरीवरच अडवलं. त्या पाण्यावर गिरणीचा डोळा जुना होता. कुणाचाही पगार खाणारा माणूस पायऱ्या उतरणार नाही, असं गावानं ठरवलं होतं. तो हात हलवत परत आला तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग बेलभंडार उचलून शपथ घे. तुला कुठं खोटं बोलायचंय?"

बेल आणि भंडारा कोंडीबानंच देवळातून आणला. एकनाथनं तो तळहातावर घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी कुणाचा पगार खात नाही. मला फक्त नारू शोधायचाय."

तरी माणसं कुजबुजत होती. तेव्हा कोंडीबा पुढं झाला. "माझी मुक्ता ह्याच पाण्यानं नेली. पायातून नारूचा दोरा निघाला, पाय सडून मेली ती. पोरानं भंडार उचललाय. उतरू द्या त्याला. दुसऱ्या कुणाची तरी बायको वाचंल."

त्यानंतर एकनाथला कुणी अडवलं नाही. तो बाटल्या भरायचा, पाणी फडक्यातून गाळायचा. गाळून प्यायलात की नारू होत नाही, असं बायकांना सांगायचा. बायका ऐकायलाही लागल्या होत्या.

आता त्या घागरी घेऊन लांबच्या ओढ्यावरून येत होत्या. त्याच्याकडं एकीनंही पाहिलं नाही.

"मामा, मी खोटं नाही बोललो. एक पैसुद्धा घेतला नाही मी."

कोंडीबानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "न्हाय घेतलास? मग तू आमच्यापरीस येडा." आणि तो घराकडं वळला.

एकनाथ सोलापूरला आला तो सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात. टेबलावर नवा कोरा सूक्ष्मदर्शक होता. एकनाथला बघताच डॉक्टरांनी शिफारसपत्र पुढं सरकवलं.

"घे. तुझी जागा पक्की समज."

एकनाथनं त्याला हात लावला नाही.

"पैसे गिरणीचे होते. तुम्ही घेतलेत. मग मलाच पगार का दिला नाहीत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला.

"दिला असता," ते म्हणाले, "तर तू बेलभंडार उचलला असतास का?"