जुनं कॉलसाइन

शरयूचं सोमवारचं मौन दुपारच्या नैवेद्यापर्यंत असे. आज ते तिला फार सोयीचं वाटलं, कारण धाकट्या जावेचं तोंडभरून कौतुक करणं टळलं होतं.

हॅम रेडिओची वरची परीक्षा दोघींनी दिली होती. मोर्स संकेतांची टकटक शिकवणारी शरयू नापास झाली आणि शिकणाऱ्या केतकीला नवं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळालं.

“ताई, संपर्कांच्या ऑनलाइन लॉगवर एवढं बदलून द्या ना. मला मेलीला त्यातलं काही उमगत नाही.”

शरयूने नवं कॉलसाइन भरलं. जुन्याचा रकाना कोरा सोडला, तर केतकीचे आधीचे चारशे संपर्क मागेच राहणार होते. कोणाला कळणार होतं? तिचं बोट ‘जतन करा’वर गेलं.

“माझा पहिला संपर्क तेवढा हरवू नका हं,” केतकी म्हणाली. “मी स्वयंपाकघरात, तुम्ही गच्चीवर. तुमच्याशी बोलायच्या नादात पोहे करपले होते.”

शरयूने बोट मागे घेऊन जुनं कॉलसाइन भरलं. मग टेबलावर बोटाने सावकाश टकटक केली. केतकी ओठांतल्या ओठांत अक्षरं जुळवत गेली.

‘आता मला शिकव.’