कळ नसलेलं दुखणं

“खरंच, छातीत एकदाही कळ आली नाही?” डॉक्टर ओयार्सूनबाईंनी पुन्हा विचारलं.

निबाल्दोनं मान हलवली. “नाही.”

“घाम? धाप?”

“काहीच नाही, बाई.”

बाईंनी कागदाची पट्टी पुढे सरकवली. छातीला बांधलेल्या यंत्रानं दिवसभर टिपलेले ठोके. मध्येच रेघ खाली बसली होती. पुढे पुन्हा.

“इथं हृदयाला रक्त कमी पडलंय. कितीतरी वेळा. आणि पत्ताच लागला नाही. अहो, दुखलं असतं तर बरं. माणूस निदान थांबतो.” बाईंनी मान वर केली. “बस चालवता ना? बसून करायचं काम. मग दुपारी नाडी एवढी कशी उधळली?”

“भावाचं काम... गॅसच्या टाक्या. पायऱ्यांवरून वर न्यायच्या होत्या.”

“टाक्या! अहो निबाल्दो, मरायचंय का?”

 त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

“वडील कशानं गेले?”

“बंदरावर पोतं उचललं होतं. हसत हसत खाली बसले, ते उठलेच नाहीत.”

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. “दमा आहे?”

तो जरा आठवत राहिला. “नाही. लहानपणीही नव्हता.”

“मग बीटा ब्लॉकर सुरू करू. नाडी संथ होते, हृदयावरचा ताण उतरतो. गोळी मनानं बंद करायची नाही. पुढच्या तपासण्या होईपर्यंत ओझं नाही, चढ नाही. आणि बस तर नाहीच.”

इथं चालक मंडळी लायसन्ससाठी हातापाया पडायची. निबाल्दो नुसता उठला आणि दाराकडे निघाला.

औषधांच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. बाहेर येऊन भावाला फोन लावला. एलिसेओनं उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

टेकडीवर नेणारा पाळणा दुरुस्तीसाठी बंद होता. निबाल्दोनं वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि चढायला लागला. जवळजवळ पळतच. अर्ध्यावर छाती आवळून आली. डावा हात जड झाला. कठडा धरून तो वाकला.

“अहो, चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा! बसा आधी,” पायऱ्यांलगतच्या खिडकीतून शेजारच्या एर्सिलियाबाई ओरडल्या.

“एलिसेओ दिसला?”

“आत्ताच वर गेला की, शीळ घालत. पण तुम्ही बसा तर...”

तो थांबला नाही. ‘देवा, एवढं वर पोचू दे,’ एवढंच त्याच्या मनात होतं.

वळणावर एलिसेओ दिसला. खांद्यावर भरलेली टाकी, तोंडावर नेहमीचं हसू.

“टाकी ठेव खाली!” निबाल्दो किंचाळला.

“का रे दादा? पकडलं की काय डॉक्टरबाईनं?” एलिसेओ खिदळला. “तरी म्हणत होतो, तुझ्या लायसन्ससाठी ते यंत्र माझ्या छातीला कशाला बांधतोस म्हणून!”

“ठेव म्हणतो ना, लेका! बाप गेला तसा जाशील. काळीज खराब निघालंय तुझं!”

“माझं?” एलिसेओनं टाकी खांद्यावर नीट सावरली आणि वरच्या पायरीवर पाय ठेवला. “वेडा की काय! मला तर कुठंच काही दुखत नाही!”