विचारायची रीत

दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी घेणाऱ्या बाईंना मास्तरांची भाषा येत नव्हती आणि मास्तरांना बाईंची. दुभाषी रजेवर. बाई म्हणाल्या, लेक बरोबर आहे ना, मग अडलंय कुठं? लेकीनं मान डोलावली आणि दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसली. झालं, सगळा घोळ तिथंच झाला.

परवा मास्तर दूध आणायला म्हणून बाहेर पडले होते आणि दिवेलागणीला कुणा परक्यानं त्यांना हाताला धरून घरी आणून सोडलं होतं. काहीतरी इलाज निघावा म्हणून ती त्यांना इथं घेऊन आली होती. आणि बाईंनी आधीच बजावलं होतं, चाचणीत काही कमी-जास्त दिसलं तरच डॉक्टर पुढचं बघतील.

एवढं सगळं कळत होतं हो तिला. पण बाईंचा पहिलाच प्रश्न आला, आज वार कोणता, आणि लेकीची जीभ रेटेना. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, त्यांना हे विचारायचं? शेंबड्या पोराला विचारतात तसं? त्यांच्या घरात वडिलांना असं तोंडावर विचारायची रीतच नव्हती.

"बाबा, आज बुधवार ना?" ती म्हणाली.

"हो तर," मास्तर म्हणाले.

बुधवार म्हणाले, असं तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

मग काय, गाडी सुसाट सुटली. महिन्याचं तसंच, वर्षाचं तसंच. लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द बाईंनी परत विचारले, तेव्हा मास्तर खोलीत फार उकडतंय असं काहीतरी म्हणाले. लेकीनं तिन्ही शब्द घडाघडा सांगून टाकले. आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. बाप अडखळला की हात द्यायचा, एवढंच ती करत होती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

बाई खूश झाल्या. वयाच्या मानानं उत्तम आहे, काळजी करू नका, निघालात तरी चालेल, म्हणाल्या. तेव्हा कुठं आपण काय करून बसलो ते लेकीच्या डोक्यात शिरलं.

मास्तर जागचे हलले नाहीत. बाईंचं हसू त्यांनी पाहिलं होतं. "पास झालो वाटतं?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मला तर काहीच येत नव्हतं. तूच बोलत होतीस." आवाजात राग नव्हता. "अगं, मला भीती वाटते. दाराबाहेर पडलो की परत कसं यायचं ते कळत नाही. हे सांग त्यांना. आणि सांगताना सावरून घेऊ नकोस."

लेकीनं सांगितलं. मधेच तिला रडू फुटलं, पण सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही. बाईंनी तो कागद बाजूला सारला. चूक माझीच, म्हणाल्या, तुम्हाला मध्ये बसवायलाच नको होतं, दुभाषी आला की पुन्हा घेऊ. तिनं हेही वडिलांना जसंच्या तसं सांगितलं.

"ते घेतील तेव्हा घेतील," मास्तर म्हणाले. "आत्ता तू विचार. एकदाच. नीट."

लेकीनं डोळे पुसले.

"बाबा, आज वार कोणता?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. बराच वेळ गेला, तरी ती काही बोलली नाही.

"माहीत नाही, बाळ," ते म्हणाले, आणि तिची पाठ थोपटली.