चूक कळवा

ब्लॉगवाल्याचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता: चूक गुपचूप खोडायची नाही, लेखाखाली तारखेसह कबूल करायची. पण ‘चूक कळवा’ या बटणावरून आज चौथ्यांदा तोच निनावी निरोप आला, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. “आईच्या आजारपणावरच्या लेखात ‘तिचं सगळं मी एकट्याने केलं’ असं तुम्ही लिहिलंय. हे खोटं आहे. दुरुस्ती करा.”

कोण हा उपटसुंभ? माझ्या घरातलं याला काय कळतं? त्याने दातओठ खात उत्तर ठोकलं, “पुरावा असेल तर पाठवा, नाहीतर डोकं खाऊ नका.”

मिनिटभरात फोटो आला. आईच्या औषधांच्या वेळांची वही. पानभर एकच हस्ताक्षर, आणि ते त्याचं नव्हतं.

तो ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला. “अगं, हे तू? मला तोंडावर सांगायचं ना!”

बायकोने फोन ओट्यावर ठेवला. “तोंडावर सांगितलं की तू नुसतं ‘हं’ म्हणतोस. तिथे निदान लिहून ठेवलंयस, प्रत्येक वाचकाला दोन दिवसांत उत्तर मिळेल म्हणून.”