निळा दगड

“आली गं बाई, यंदा आषाढातच आली!” म्हणत म्हाताऱ्या गोदाक्कांनी नदीत खण-नारळ सोडला. पाणी पूररेषेच्या निळ्या दगडाला टेकलं की नदीची ओटी भरायची, ही घाटावरची रीत. एरवी पाच-पाच वर्षं तो योग यायचा नाही.

शेजारी उभ्या शर्वरीला कारण ठाऊक होतं. नगररचना विभागात ती जीव तोडून भांडली, तरी पालिकेने पूररेषा नदीकडे सरकवली आणि तो दगड तिलाच खाली रोवून घ्यावा लागला. जुन्या जागेवर आता टॉवर उभे राहत होते.

गोदाक्कांनी तिला कुंकू लावलं. “दगड खाली आणलास, पोरी, म्हणून आई लवकर भेटली. पुढल्या वर्षी आणखी जवळ आण.”

शर्वरीने मान हलवली. तसा ठराव कालच मंजूर झाला होता.