जमादाराची नोंदवही

"जगातली सगळी युद्धं जागेवरून होतात," असं गुरुनाथरावांनी जाहीर केलं. ऐकायला दोनच मासे होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याची शेपटी खात होता.

त्यांनी काचेवर टिचकी मारली. खाणारा थांबला. हा जमादार, तळहाताएवढा ब्लूगिल. दुसरी ठिपकी, बताशाएवढी पम्पकिनसीड. दोघंही सनफिश, न्यू जर्सीतल्या कुठल्याही तळ्यात सापडणारे. बेसमेंटमधल्या या टाकीची मालकी मात्र जमादारानं परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

सून ज्ञानदा कॉल संपवून खाली आली. "बाबा, दगड हलवलेत?"

"हलवले. मांडणी बदलली की हद्दी विसरतात म्हणालीस ना. विसरला, पाच मिनिटं."

"पाणीपण दोन डिग्री गार केलंय, रग उतरते म्हणून. पण आता नीट ऑब्झर्व्ह करायला हवं. तुम्ही दिवसभर घरी असता, तर वहीत लिहाल का? किती वाजता, कोण कोणाच्या अंगावर गेलं, पुढे काय झालं. रोज."

"लिहून काय करायचं?"

"जो सुरुवात करतो तो देवांगकडे जाईल."

ज्ञानदाच्या ऑफिसातल्या या देवांगची टाकी गुरुनाथरावांनी पाहिली होती. तिच्यात दीड फुटाचा एक बास मासा होता. तो भांडत नसे. तो तोंड उघडी आणि टाकीत पुन्हा शांतता होई.

"त्यापेक्षा तळ्यात सोडू."

"नाही चालत, बाबा. एकदा टाकीत ठेवलेला मासा परत सोडायचा नाही. रोग पसरतात."

ती वर गेली. गुरुनाथराव जमादाराकडे बघत राहिले. बायको गेल्यावर मुलानं, वेदांतनं, त्यांना इकडे आणलं, त्याला आठ महिने झाले होते. मुलगा आणि सून दिवसभर मीटिंगमध्ये. गुरुनाथराव खोलीत आले की उठून सामोरं येणारा या देशात हा एकटाच होता. काचेला नाक लावून यायचा. ते सरकले की सरकायचा.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं त्यांनी बांधकामांची मोजमाप पुस्तकं भरली होती. जागेवर काय झालं आणि वहीत काय लिहावं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

'सकाळी सव्वादहा. ठिपकीने विनाकारण जमादारास ढुशी मारली. जमादार संयमाने बाजूला झाला.'

पहिली नोंद सोपी गेली. मग भीती सुरू झाली.

ठिपकी मेली तर वहीवर कोण विश्वास ठेवणार? ते दिवसभर हातात लाकडी डाव घेऊन टाकीपाशी उभे राहू लागले. जमादार हल्ला करण्याआधी अगदी स्थिर होई, कल्ले पसरी. तो स्थिर झाला की गुरुनाथरावांचा डाव पाण्यात जाई. रोज सकाळी जिना उतरताना ते शेवटच्या पायरीवर थांबत. मग मोजत. एक. दोन. हुश्श.

सातव्या दिवशी एकच निघाला.

ते टाकीकडे धावले. डावानं दगड उचलून पाहिले, गवत बाजूला केलं. ठिपकी फिल्टरच्या नळीमागे कलती होऊन लपली होती, परांच्या चिंध्या झालेल्या. त्यांनी टाकीच्या मधोमध जाळी बसवली, ज्ञानदाची पावलं वाजताच काढली, आणि लिहिलं: 'ठिपकी आजारपणाचे सोंग करीत आहे.'

ज्ञानदा रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढी. सुरुवातीला म्हणाली, "किती डिटेल लिहिता, बाबा." मग नुसता फोटो काढून वर जाऊ लागली. एकदा हळूच विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत तसंच लिहिलंय ना?"

"जसंच्या तसं."

जेवताना वेदांतही चौकशा करू लागला. "बाबा, दुपारी काय जेवलात?"

"काहीतरी खाल्लं की." जाळी काढली की नाही, या विचारात ते होते.

"काहीतरी म्हणजे?"

"अरे, भात. नाहीतर पोळी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरं संशय घेताहेत, हे गुरुनाथरावांनी ओळखलं. त्या रात्री त्यांना स्वप्नात दीड फुटाचं तोंड दिसलं.

बाराव्या दिवशी ज्ञानदाची मैत्रीण आली. नैना नावाची, हसरी. मासे बघायचे होते म्हणे. गुरुनाथराव इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला तयार झाले. सगळे बेसमेंटमध्ये बसले.

ज्ञानदानं वही टेबलावर ठेवली आणि शेजारी लॅपटॉप उघडला. "बाबा, टाकीवर मी कॅमेरा लावला होता. वहीला जोड म्हणून, पहिल्या दिवसापासून."

गुरुनाथराव पुढे वाकले. पडद्यावर जमादार ठिपकीला दगडांतून पिटाळत होता. खाली वेळ उमटली होती, सव्वादहा. वहीत संयम होता.

"अकरा दिवस," वेदांत म्हणाला. "एकही नोंद जुळत नाही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "पण त्याला देवांगकडे पाठवू नका रे. हात जोडतो."

"कोणालाच पाठवत नाही आहोत, बाबा." वेदांतनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते. "ठिपकीला दुसरी टाकी मागवलीय. जमादार इथेच राहणार, तुमच्याजवळ."

गुरुनाथरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाचला. अकरा दिवसांत पहिल्यांदा ते मोकळेपणी हसले. हसतच राहिले. बाकी कोणी हसलं नाही.

नैनानं टाकीकडे पाठ करून खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. पर्समधून प्रश्नांचा एक छापील कागद काढला, गुडघ्यावर सरळ केला, आणि लहान मुलाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाली, "काका, मी डॉक्टर आहे. घाबरायचं नाही, घाई पण नाही. आज वार कोणता, तेवढं सांगाल?"