चंद्रीचा मुक्काम

"आई, इथं पूर्वी खरंच गाई बांधायचे!" इंग्लंडहून रणजित व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवत होता. तिकडच्या एका खेड्यातल्या जुन्या गोठ्याचं आता गेस्ट हाऊस झालं होतं. आई आली की दोघांनी तिथं आठवडाभर राहायचं, असा बेत.

बायनाक्कांनी डोळे बारीक केले. गव्हाणीत उशा, जमिनीवर गालिचा. शेण कसं काढत असतील, देव जाणे! तीन वर्षांनी लेक भेटणार होता. पण त्यांची चंद्री म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

"गोठाच हाय तर चंद्रीलाबी आणते की. मालकिणीला इचारून तरी बघ."

रणजितनं कपाळावर हात मारला. पण आईच्या हट्टापुढं त्याचं कधी चाललं होतं? दुसऱ्या दिवशी त्यानं मालकिणीचं उत्तर वाचून दाखवलं. "क्षमस्व, आमच्या गोठ्यात जनावरांना सक्त मनाई आहे."

अक्का हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत त्यांनी खराटा उचलला.

"मग तूच ये रं लेकरा. आपल्या गोठ्यात जनावरंबी चालत्यात अन् माणसंबी."